हजेरीला 'हजर' कोण म्हणेना?

मुलांनो, वर्गात बाई हजेरी घेतात. एकेक नाव येतं, 'हजर' असं उत्तर येतं. मध्येच एका नावाला उत्तरच येत नाही. याचा अर्थ काय? मुलगा आजारी असेल, घसा बसला असेल, नाहीतर दारामागे लपलाही असेल! आमच्या केज तालुक्यात दिवाळीनंतर अशी नावं बरीच असतात. आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर गेलेले, पोरगं त्यांच्याबरोबर. उत्तर आलं नाही म्हणून मी लगेच नाव खोडलं, तर चूक माझीच ना?

आता तुम्ही म्हणाल, मोटारीच्या गोष्टीत हजेरी कुठून आली? सांगते.

आमच्या शाळेतल्या एका सरांनी जुनी मोटार घेतली. एके दिवशी सकाळी काट्यांच्या पाटीवर एक पिवळा दिवा लागला. घसरणारी मोटार आणि तिच्यामागे नागमोडी रेघा, असं त्याचं चित्र. चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागतोच, पण मग विझायला हवा. सरांचा विझेना.

हा दिवा गाडीला घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे ई.एस.सी.चा. बॉश आणि मर्सिडीज या जर्मन कंपन्यांनी १९९५ साली ती पहिल्यांदा गाडीत बसवली. १९९७ साली स्वीडनमध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास गाडी झटकन वळवण्याच्या चाचणीत चक्क उलटली. मग कंपनीने त्या प्रत्येक गाडीत ही यंत्रणा दिली.

तिचं काम मोठं गमतीचं आहे. चालकाने स्टेअरिंग किती वळवलं आणि गाडी खरोखर किती वळली, याची ती सेकंदाला २५ वेळा तुलना करते. दोन्हींत फरक पडला की एकाच चाकाचा ब्रेक दाबते आणि इंजिनालाही 'जोर कमी कर' म्हणून सांगते. म्हणजे ब्रेकची पेटी, स्टेअरिंगचा सेन्सर, इंजिनाची पेटी यांनी सतत एकमेकांशी बोलायला हवं. त्यासाठी प्रत्येकीला वेगळी तार ओढली तर तारांचा भाराच होईल. म्हणून बॉशने १९८६ साली 'कॅन' नावाची पद्धत जगापुढे मांडली. वेणीसारख्या पिळलेल्या दोनच तारा, आणि सगळ्या पेट्या त्यांवरूनच बोलतात. बऱ्याच गाड्यांत सेकंदाला ५ लाख शून्य-एक या तारांवरून पळतात!

सर पहिल्या गॅरेजात गेले. तिथे तपासायचं यंत्र लावलं, तर आकडा आला 'यू ०१२१'. "ब्रेकची पेटी गेली, नवी टाका," असा निकाल मिळाला. किंमत ऐकून सरांचा चेहरा उतरला. बरं, तशीच चालवावी तर बीडला जाताना मांजरसुंब्याचा घाट उतरायचा. साधे ब्रेक लागत होते, पण ओल्या वळणावर गाडी सावरणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या मिस्त्रींनी तोच आकडा वाचला आणि हसले. "सर, 'यू' म्हणजे बोलणं तुटलं. पेटी मेली असं कुठं लिहिलंय? तिचा आवाज येईना, एवढंच."

हीच आपली हजेरी! आकडा सांगतो की उत्तर आलं नाही. का आलं नाही, ते शोधावं लागतं.

मिस्त्रींनी आधी बॅटरी पाहिली, कारण ती उतरली तरी पेट्या गप्प बसतात. ती १२.६ व्होल्ट, ठणठणीत. फ्यूज शाबूत. ब्रेकच्या पेटीपर्यंत वीजही पोचत होती. मग त्यांनी बॅटरीची तार काढली आणि स्टेअरिंगखालच्या १६ खाचांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरला मीटर लावलं. आता इथे नीट लक्ष द्या. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. या गाडीत एक इंजिनाच्या पेटीत होता, दुसरा ब्रेकच्या पेटीत. विजेला दोन सारख्या वाटा मिळाल्या की रोध निम्मा होतो, म्हणजे मीटरवर ६० यायला हवेत. आले १२०! एक टोक तुटलेलं होतं. बाकीच्या पेट्या कशाबशा बोलत होत्या, पण ब्रेकची पेटी वर्गाबाहेर उभी होती.

मग तारेचा माग काढत गेले. बॅटरीच्या मागे, जुडग्याच्या पोटात, वेणीतली एक तार कुरतडलेली! सर रात्री गाडी कडब्याच्या गंजीशेजारी लावायचे ना! थंडीच्या रात्री इंजिनाची ऊब, वर कडब्याचा शेजार. उंदरांना आणखी काय हवं?

मिस्त्रींनी तार डाख देऊन जोडली, वर नळी चढवली आणि पुन्हा तशीच पीळ घालून ठेवली. पीळ सुटला तर बाहेरची विजेची गडबड दोन्ही तारांवर सारखी पडत नाही आणि बोलण्यात घोळ होतो. पुन्हा मीटर लावलं. बरोबर ६०! आकडा पुसला, चावी फिरवली. दिवा लागला, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि विझला. (तुम्ही मात्र गाडीच्या तारांना हात लावू नका हं, हवेच्या पिशवीच्या पिवळ्या तारांना तर मुळीच नाही.)

पेटीचे पैसे वाचले. सर आता गाडी अंगणात, गंजीपासून लांब लावतात. उंदीर मात्र अजून सापडलेला नाही.