मोबाईलने जुळवले, नोटीस बोर्डाने अडवले!

"साहेब, जयभीम. आम्हाला लग्न करायचे आहे," म्हणत गेल्या वर्षी एक जोडपे माझ्याकडे आले. मुलगी बौद्ध, मुलगा मराठा, दोघेही नोकरीला. ओळख मोबाईलवरच्या डेटिंग ॲपवर झाली. तिथे दिसले फक्त पहिले नाव आणि फोटो. तीन महिने सिनेमा, पुस्तके, नोकरीतल्या कटकटी यांवर गप्पा झाल्या. एकदा तिने लिहिले, "रविवारी मी आईबरोबर विहारात जाते." त्याने विचारले, "मीही येऊ का?" तिथेच प्रेम जडले.

वधू-वर सूचक मंडळात जातीचा रकाना आधी भरावा लागतो. आपले लोकही तो मुकाट्याने भरतात, पोटजातसुद्धा लिहितात! इथे मात्र माणूस आधी भेटला, जात नंतर कळली.

१९३६ साली 'जातिनिर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, नुसत्या सहभोजनाने जात मरणार नाही. आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय. त्यांनी ते करूनही दाखविले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत सारस्वत ब्राह्मण कुटुंबातील डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्याआधी दिल्ली-मुंबई पत्रव्यवहार चालला. तेव्हा टपाल होते, आज मोबाईल आहे.

बौद्धांनाही हिंदू विवाह कायदा लागू आहे. पण या दोघांना सप्तपदी नको, कन्यादान नको. म्हणून त्यांनी विशेष विवाह कायदा, १९५४ निवडला. कलम ५ प्रमाणे नोटीस दिली. कलम ६ प्रमाणे ती बोर्डावर लागली, नाव-पत्त्यासह! आठव्या दिवशी कुणीतरी बोर्डाचा फोटो काढला आणि तो मुलाच्या गावी पोहोचला. ज्या मोबाईलने जुळवले, त्यानेच घात केला. काका आणि चुलत भाऊ धमकावू लागले.

मुलीचे वडील जुने कार्यकर्ते. तेही म्हणाले, "पोरी, नको. सोनई आठव, खर्डा आठव." २०१३ आणि २०१४ साली आपल्या पोरांनी प्रेमापायी किंवा प्रेमाच्या संशयापायी जीव गमावले. या बापाला भित्रा कोण म्हणेल?

मी कायदा समजावला. आक्षेप फक्त कलम ४ मधील कारणांवर घेता येतो: वय, आधीचा जोडीदार हयात असणे, मानसिक स्थिती, निषिद्ध नाते. जात हे कारणच नाही! २७ मार्च २०१८ रोजी शक्तिवाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे निर्देश पोलीस-प्रशासनाला दिले. त्याचा आधार घेऊन अर्ज केला, पोलीस संरक्षण मिळाले. तीस दिवस मुलगी एका धम्मभगिनीच्या घरी राहिली. मुदत संपली, लग्न नोंदले गेले. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. तिसरी सही वडिलांनी केली. हात थरथरत होता, पण सही केली.

समाजबांधवांनो, आपली मुले मोबाईलवर एकमेकांना शोधतील, ते थांबणार नाही. थांबू नयेच. पण त्या तीस दिवसांत त्यांच्या पाठीशी कोण? प्रत्येक विहाराने एक वकील, तीन साक्षीदार आणि राहायला एक सुरक्षित खोली तयार ठेवावी. आणि प्रेमिकांचा पत्ता शत्रूच्या हाती देणारी ती जाहीर नोटीस रद्द व्हावी, यासाठी रस्त्यावर उतरावे. जातिनिर्मूलनाचे भाषण सोपे असते. साक्षीदाराची सही अवघड असते. ती आपण करणार आहोत का?