ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या जाहिरातीत एक आकडा हमखास ठळक असतो, तो म्हणजे ट्रक किती वजन ओढू शकतो. माझ्या आतेभावाच्या डिझेल ट्रकसाठी तो ६,८०० किलोच्या आसपास होता. निवृत्तीनंतर त्याने आणि वहिनींनी घेतलेलं फिरतं घर सामानासकट सहा टनांच्या आत बसणारं. हिशेब सरळ दिसत होता. तरीही लांबच्या प्रवासाआधी एकदा काटा करून घ्यायचाच, असा वहिनींचा आग्रह. म्हणून आयोवातल्या वॉलकॉटला, इंटरस्टेट ८० वरच्या भल्यामोठ्या ट्रक-थांब्यावर आम्ही गेलो.

हे घर ‘फिफ्थ व्हील’ प्रकारचं. साधा ट्रेलर ट्रकच्या मागे, बंपरपाशी असलेल्या गोळ्यावर अडकतो. फिफ्थ व्हीलचं नाक मात्र ट्रकच्या हौद्यावर येतं. नाकाखाली किंगपिन नावाची जाडजूड पोलादी खुंटी असते. ती हौद्यात बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकते आणि हा हिच मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा जरासा पुढे असतो. जोडणी त्यामुळे स्थिर राहते, पण त्याची किंमत असते. साध्या ट्रेलरच्या वजनातला १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो, इथे २० ते २५ टक्के. म्हणजे ट्रकने घर ओढायचं आणि त्याचा चौथा-पाचवा हिस्सा पाठीवरही घ्यायचा.

पाठीवर किती घेता येईल, ते ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर दिसतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त अमुक इतकं, असा तो मजकूर. या ट्रकवर पौंडांत लिहिलेला आकडा किलोत १,०४३ भरत होता. हा आकडा त्या मॉडेलचा नसतो, त्याच एका ट्रकचा असतो. पेट्रोलपेक्षा जड डिझेल इंजिन, चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा, मोठी केबिन, हे सगळं त्यातूनच वजा होतं. जाहिरातीतला आकडा येतो वेगळ्या वाटेने. जे २८०७ या प्रमाण-चाचणीत ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या लांबलचक चढावर ट्रक ठराविक वेग राखतो का, हे पाहतात. ट्रकमध्ये तेव्हा प्रत्येकी ६८ किलोची दोनच माणसं धरलेली असतात.

वॉलकॉटलाच १९७७ मध्ये सुरू झालेल्या कॅट स्केल कंपनीचे काटे आता देशभर आहेत. काट्याचे वेगवेगळे फलाट असतात. पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर आणि ट्रेलरची तिसऱ्यावर, अशी गाडी उभी करायची. आत बोलायचं बटण उंच मालट्रकांच्या हिशेबाने लावलेलं असतं, त्यामुळे आतेभावाला खाली उतरूनच ते दाबावं लागलं. आधी घर जोडून काटा केला, मग घर सोडून नुसत्या ट्रकचा.

दोन्ही पावत्या बॉनेटवर ठेवून वहिनींनी वजाबाकी मांडली. दोघं माणसं, हिच आणि भरलेली टाकी धरून नुसता ट्रक ३,७२० किलो. घर जोडल्यावर पुढचा आस २,२१० आणि मागचा २,७७०, मिळून ४,९८०. म्हणजे ट्रकवर बसलेला भार १,२६० किलो. घराच्या आसांवर आणखी ४,४५०. घर एकूण ५,७१० किलोचं आणि त्यातला २२ टक्के भार नाकावर. वाटणी अगदी जशी हवी तशी होती, ओढण्याची मर्यादाही पाळली गेली होती. पण या ट्रकचं भरल्यावरचं कमाल वजन ४,५३६ किलो. साडेचारशे किलो जास्त झाले होते, आणि मागच्या आसाच्या मर्यादेला जेमतेम चाळीस किलो उरले होते.

“अहो, आपल्या दोघांच्या तिप्पट वजन जास्त होतंय,” वहिनी म्हणाल्या.

शेजारच्या एका अनुभवी गृहस्थाने मागच्या स्प्रिंगांवर हवेच्या पिशव्या बसवायला सुचवलं. त्याने दबलेली मागची बाजू वर येते, पण ब्रेक, आस आणि टायर तेच राहतात आणि कंपनीने ठरवलेली मर्यादा तसूभरही वाढत नाही. दुसरा उपाय सामान हलवण्याचा. नाकाखालच्या मोठ्या कप्प्यातली हत्यारं आणि जनरेटर मागे नेले की ट्रकवरचा भार घटतो. पण बैलगाडीसारखंच इथेही आहे: धुरजड झाली तर बैलांची मान दबते, उलाळ झाली तर जू वर उचललं जातं. नाक फार हलकं झालं की घर वेगात झोलायला लागतं. पाण्याचंही तसंच. या घराची २२७ लिटरची टाकी आसांच्या मागे असल्यामुळे ती रिकामी केली, तर एकूण वजन घटतं पण नाकावरचा भार वाढतो. साडेचारशे किलो अशा हलवाहलवीने जाणारे नव्हते.

मग दोघांनी हिशेब उलटा मांडला. घराचं कारखान्याने ठरवलेलं कमाल वजन ६,३५० किलो. त्याचे २२ टक्के धरले तर १,४००. हिचचे ८०, दोघांचे १५०, किरकोळ सामानाचे १००. एकूण १,७३०. स्टिकरवर याहून मोठा आकडा असलेलाच ट्रक बघायचा, आणि किंगपिनचा भार २५ टक्क्यांवर गेला तरी पुरेल एवढी जागा त्यात ठेवायची.

पुढे त्यांनी घेतला तो मागे चार चाकं असलेला, एकूण ६,३५० किलो मर्यादेचा ट्रक. शहरात तो लावायला जागा सापडत नाही, धुलाई केंद्रात शिरताना कडा घासण्याची धास्ती असते, आणि टायर बदलायचे तर दोन जास्त. इंजिन मात्र जवळपास जुन्या ट्रकचंच आहे. ताकद आधीही कमी नव्हतीच. जास्तीचे पैसे गेले ते स्प्रिंगा, जाड आस आणि दोन जादा चाकांसाठी.