प्रवाळाची अंघोळ, दिल्लीच्या हवेत

दिल्लीतल्या द्वारकेपासून समुद्र शेकडो किलोमीटरवर, तरी तिथल्या फ्लॅटमध्येही खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ जगू शकतो. मात्र कायदा आधी पाहावा: खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळा प्रवाळ आणि समुद्रपंखे 2001पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते विकत घेऊच नयेत. इथे बोलतो आहोत ते झोअँथिडसारख्या मऊ प्रकारांबद्दल.

प्रवाळाच्या नव्या तुकड्यासोबत चपटे कृमी आणि प्रवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगाई येतात. म्हणून टाकीत सोडण्याआधी त्याला औषधी पाण्यात बुडवतात. औषध आयोडीनचे किंवा खास प्रवाळासाठी बनवलेले. मात्रा आणि वेळ बाटलीवर लिहिलेलीच पाळावी.

बुडवताना प्रवाळाला ताण येतो तो बहुधा पाणी बदलल्याने. नळाचे पाणी वर्ज्य. टाकीतलेच पाणी भांड्यात घ्यावे, म्हणजे खारटपणा तोच राहतो. तापमान मात्र भांड्यात झपाट्याने बदलते. टाकीत पंचवीस अंश असतात, तर दिल्लीच्या जानेवारीत खोली पंधराच्या खाली जाते आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. भांड्यात छोटा हीटर ठेवावा, उन्हाळ्यात थंड खोलीत काम करावे. पाणी हलते ठेवले की कृमी सुटून पडतात. नंतर टाकीच्याच वेगळ्या पाण्यात तुकडा विसळावा; औषधाचे पाणी टाकीत ओतू नये.

हातमोजे आणि चष्मा हवाच. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असते.

कृमींची आणि गोगलगाईंची अंडी या औषधांनी सहसा मरत नाहीत. ती हाताने खरवडावीत, तुकडा वेगळ्या टाकीत ठेवावा आणि आठवड्याने पुन्हा बुडवावा.