पोपच्या राज्यांतील पोलीस

वर्गांत भूगोल शिकवितांना मीं एकदां सांगितलें कीं, व्हॅटिकन नगर हें जगांतील सर्वांत लहान स्वतंत्र राज्य. क्षेत्रफळ अवघें सुमारें ४४ हेक्टर. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, मग तेथें चोर कोण पकडतो?" मीं ठांसून सांगितलें, "स्विस गार्ड." तें उत्तर अर्धवट होतें, हें मला पुष्कळ दिवसांनीं कळलें, तोंवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

निळ्या, तांबड्या व पिवळ्या पट्ट्यांच्या पोशाखांतील हे भालेकरी चित्रांतून सर्वांच्या परिचयाचे आहेत. पोप दुसरे जूलियस ह्यांनीं १५०६ सालीं त्यांना स्वित्झर्लंडहून आणविलें. हा केवळ शोभेचा लवाजमा नव्हे. ६ मे १५२७ रोजीं सम्राट पांचवा चार्लस ह्याच्या बेबंद सैन्यानें रोम लुटलें, तेव्हां १४७ गार्ड लढतां लढतां पडले आणि उरलेल्या ४२ जणांनीं पोपना किल्ल्यांत सुखरूप पोहोंचविलें. नव्या शिपायांचा शपथविधि परंपरेनें ह्याच तारखेस होतो.

परंतु त्यांचें काम पोपच्या जिवाचें व वाड्याचें रक्षण करणें. चोर पकडणें, तपास करणें, रहदारी संभाळणें हें काम जंदार्मेरी नांवाच्या दुसऱ्या दलाचें.

खरी गुंतागुंत पुढेंच आहे. सेंट पीटरचा विशाल चौक राज्याच्या हद्दींत असला, तरी १९२९ च्या लॅटरन तहानें तेथील पोलिसी अधिकार इटलीकडे आहेत, आणि ते मंदिराच्या पायऱ्यांशीं येऊन थांबतात. शिवाय पोपच्या बाजूनें विनंती झाल्यास व्हॅटिकनमधील गुन्ह्यास इटलीनें आपल्या भूमीवर शिक्षा करावी, असेंही त्या तहांत आहे.

१३ मे १९८१ रोजीं ह्याच चौकांत मेहमेत अली आग्जा ह्यानें पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गोळी लागली एका सार्वभौम राज्यकर्त्याला, त्याच्याच राज्यांत. न्याय मात्र केला इटलीच्या न्यायालयानें. त्याच वर्षीं आग्जाला जन्मठेप झाली. पोपनीं क्षमेचे शब्द रुग्णशय्येवरूनच उच्चारले, १९८३ सालीं तुरुंगांत जाऊन त्याची भेटही घेतली. पण कोठडीची किल्ली त्यांच्या हातीं नव्हती. २००० सालीं इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनीं माफी दिली, तेव्हां कोठें तो त्या तुरुंगांतून सुटला.

उलट २०१२ सालची हकीकत पाहा. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांच्या खाजगी सेवकानें त्यांचीं गुप्त कागदपत्रें बाहेर पोहोंचविलीं. त्यास जंदार्मांनीं पकडून आपल्याच ठाण्यांत कोंडलें, व्हॅटिकनच्या न्यायालयानें अठरा महिन्यांची शिक्षा दिली, आणि नाताळच्या तोंडावर पोपनीं ती माफ केली. येथें शिपाई, न्यायाधीश, कोठडी आणि क्षमा सर्व एकाच घरचीं.

तो विद्यार्थी आतां भेटलाच, तर उत्तर देण्यापूर्वीं मी त्यालाच विचारीन: चोरी कोठें झाली, पायऱ्यांच्या वर कीं खालीं?