द्रव्यसंग्रह आणि परिभाषा

कला आणि अभिकल्प यांच्या विद्यार्थ्यांना वस्तुनिर्मितीची द्रव्ये प्रत्यक्ष हाताळता यावीत, म्हणून त्यांचे नमुने पुस्तकांप्रमाणे सूचिबद्ध करून ठेवण्याची प्रथा अनेक देशांत रूढ झाली आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या फोर्ब्स संग्रहात अडीच हजारांहून अधिक रंगद्रव्ये आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१३ साली उघडलेल्या संस्थेतही असा संग्रह आहे. आपल्याकडे असा संग्रह उभारावयाचा, आणि तो पर्यावरणाच्या दृष्टीने विवेकी ठेवावयाचा, तर कपाटांइतकाच परिभाषेचाही विचार करावा लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पहिली अडचण नावाचीच. ‘साहित्य’ म्हटले की आपल्यासमोर वाङ्मय उभे राहते. ‘पदार्थ’ म्हटले की स्वयंपाकघर. म्हणून येथे ‘द्रव्य’ हा शब्द योजला आहे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. इंग्रजी ‘सस्टेनेबल’साठी ‘टिकाऊ’ हा प्रतिशब्द सर्रास वापरला जातो. परंतु टिकाऊ म्हणजे दीर्घकाळ न झिजणारे. त्या अर्थाने प्लॅस्टिक अत्यंत टिकाऊ आहे, आणि नेमकी तीच त्याच्याविषयीची तक्रार आहे! १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालात अभिप्रेत असलेली कल्पना वस्तूच्या आयुर्मानाची नसून पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणण्याची आहे. तेव्हा ‘टिकाऊपणा’ आणि ‘शाश्वतता’ हे सूचीतील दोन स्वतंत्र रकाने असावयास हवेत.

वस्तूंच्या नावांतही असाच धोका संभवतो. ‘शेंदूर’ हे शिशाचे विषारी ऑक्साइड होय. त्याच शब्दकुळातील ‘शेंद्री’ हे नाव मात्र दोन भिन्न वनस्पतींना लावले जाते: एक कपिला, जिच्या फळांवरील तांबड्या भुकटीने रेशीम रंगवतात, दुसरी अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातून आलेली बिक्सा, जिच्या बियांचा रंग खाद्यपदार्थांतही वापरतात. केवळ देशी नाव नोंदविल्यास विद्यार्थी गोंधळेल. केवळ शास्त्रीय नाव नोंदविल्यास कारागिराशी त्याचा संवाद तुटेल. म्हणून दोन्ही नावे, आणि देशी नाव कोणत्या भागातून मिळाले तेही, नोंदविणे अगत्याचे आहे.

बाजारातील नावे तर याहून फसवी असतात. २००९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, ‘बांबूचे कापड’ म्हणून रेयॉन विकणाऱ्या काही विक्रेत्यांवर कारवाई केली. बांबूचा लगदा रसायनांनी विरघळवून त्याचा पुन्हा तंतू केला जातो; व्हिस्कोज पद्धतीत त्यासाठी कार्बन डायसल्फाइड हे विषारी द्रव्य लागते. मूळ वनस्पतीचे नाव खरे असले, तरी प्रक्रिया त्या नावात लपून जाते. ‘विघटनशील’ या विशेषणाचेही तसेच आहे. मक्याच्या पिष्टापासून केलेले पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या औद्योगिक खतप्रक्रियेत कुजते. साध्या मातीत ते दीर्घकाळ तसेच राहू शकते. कोठे आणि कोणत्या परिस्थितीत, हे सांगितल्यावाचून ते विशेषण निरर्थक होय.

यावरून प्रत्येक नमुन्याच्या पत्रकात किमान चार गोष्टी असाव्यात: नाव, उगम, प्रक्रिया आणि अखेर. उदाहरणार्थ, पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने ज्या प्रकारचा कागद केला, त्याचा उगम सुती चिंध्या, प्रक्रिया लगदा करून चाळणीवर पत्रे उचलणे, आणि अखेर पुन्हा लगदा, असे लिहिता येईल. संग्रहाने स्वतःही हाच नियम पाळावा: नमुने लहान असावेत, शक्यतो कार्यशाळेतील उरल्यासुरल्या तुकड्यांतून घ्यावेत, आणि अपायकारक द्रव्ये मोहोरबंद ठेवावीत.

हे काम एकट्या कलाशाळेचे नाही. सुतार, रंगारी, विणकर यांच्या बोलीतील द्रव्यनामे व्यवसायाबरोबर लोपत आहेत. ती जागेवर जाऊन टिपून घेण्याचे शिक्षण भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळतेच. दोन्ही विभागांनी मिळून प्रारंभी एकाच तालुक्यातील शंभर द्रव्यांची सूची सिद्ध केली, तरी पुढील संग्रहाला भक्कम पाया लाभेल.