अनामिक डायोडची ओळख

घरातील दूरचित्रवाणी संच एखाद्या संध्याकाळी एकाएकी बंद पडला, की सारे कुटुंब त्याच्याभोवती गोळा होते आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिराची आठवण होते. रायपूरला ही आठवण जुनी आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा ‘साइट’ हा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. त्यांत, त्या वेळी मध्य प्रदेशात असलेल्या रायपूर भागातील खेडीही होती. गावात सर्वांसाठी मिळून एकच संच असे. तो बंद पडला, की आकाशातील उपग्रह सुस्थितीत असूनही त्या गावापुरता प्रयोग थांबे. दुरुस्तीचे मोल तेव्हा साऱ्या गावाला कळत असे.

आजच्या संचात बिघाड बहुधा वीजपुरवठ्याच्या पट्टीवर आढळतो. तेथे कारागिरापुढे एक कोडे उभे राहते: जळालेल्या डायोडवर क्रमांकच नसतो. कधी तो उष्णतेने पुसला जातो, तर कधी भाग इतका लहान असतो, की त्यावर छापायला जागाच नसते. मग त्याच्या जागी कोणता डायोड बसवावा?

डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने वाट देणारा दरवाजा. त्याच्या अंगावरील पट्टा ऋण टोक दाखवितो. तपासणीपूर्वी संचाची पिन काढावी आणि मोठा कपॅसिटर योग्य रेझिस्टरमधून रिकामा करावा. कारण २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर त्यात सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यावरही काही काळ टिकतात. हे काम जाणकारानेच करावे.

नंतर डायोडचा एक पाय डाखातून सोडवून मल्टीमीटर लावावा. दोन्ही पाय जोडलेले असताना शेजारचे भाग खोटी साक्ष देतात. साधा सिलिकॉन डायोड एका दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवितो, तर शॉटकी जातीचा त्याहून बराच कमी. दोन्ही दिशांनी शून्याजवळचा आकडा आला, तर तो डायोड निकामी झाला असे समजावे. परंतु झेनर डायोडही सरळ दिशेने साध्या डायोडसारखाच दिसतो, आणि डायोडचा वेग तर मीटरला कळतच नाही. म्हणून मीटरच्या जोडीला जागेचा विचार हवा.

विजेच्या प्रवेशापाशी चार डायोड चौकडीने बसलेले असतील, तर ते सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेसाठी असतात. लहान भाराच्या पट्टीत तेथे ‘१ एन ४००७’ हा १००० व्होल्ट व १ अँपिअरचा डायोड चालतो. तोच ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे लावला, तर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करताना वेळेवर मिटू शकत नाही, तापतो आणि जळतो. तेथे जलद किंवा शॉटकी डायोडच हवा.

खरी कसोटी झेनरची. पुरवठ्याचा दाब मर्यादेबाहेर गेला, की काही पट्ट्यांवरील झेनर स्वतः शॉर्ट होऊन पुढील भाग वाचवितो. असा मेलेला झेनर काढून टाकला, तर संच कधी कधी लगेच सुरू होतो. घरच्यांना आनंद होतो. पण पहारेकरी गेलेला असतो. पुढच्या वेळी दाब वाढला, तर महाग भाग जळतील, कदाचित आगीचाही धोका उद्भवेल.

मेलेला झेनर आपला दाब सांगू शकत नाही. तो अन्य मार्गांनी शोधावा लागतो. पट्टीवरील क्रमांकावरून तिचा नकाशा मिळवावा, तशीच दुसरी चांगली पट्टी पाहावी, जोडणीजवळ छापलेले ५, १२ किंवा २४ व्होल्टचे आकडे वाचावेत. एवढे करूनही खात्री पटली नाही, तर पट्टीच बदलणे शहाणपणाचे.

म्हणून संच परत घेताना ‘किती पैसे झाले?’ याबरोबरच ‘कोणता भाग काढला आणि त्या जागी काय बसविले?’ हेही अवश्य विचारावे. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. काढलेला भाग तो स्वतःच आपल्या हाती ठेवतो.