पाळीवर जाणाऱ्याचे पाय

सणासुदीस खरेदीचा बेत ठरला म्हणजे प्रथम मुलांचा विचार होतो, मग घरच्या बायकांचा; आणि जो माणूस आठ-दहा तास उभा राहून त्या खरेदीचे पैसे मिळवितो, त्याच्या पायांची आठवण पैसे उरलेच तर होते. ही रीत मायेची खरी, पण शहाणपणाची नव्हे. पाय दुखावले की पाळी चुकते, आणि पाळी चुकली की घरच्या चुलीस त्याची झळ लागते.

बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतील तरुण उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखान्यांत जातात. मुली इस्पितळांत परिचारिका म्हणून रात्रपाळी करितात. पायांखाली सिमेंट किंवा फरशी असते, आणि हिवाळ्यात ती पायांतील ऊब शोषून घेते. म्हणून ऊब हवी असेल तर प्रथम तळ जाड असावा. आत नमद्याचा पातळ तुकडा घातल्यास अधिक बरे. सुती मोजे घामाने भिजले की थंड पडतात. लोकरीचे मोजे थोडे ओलसर झाले तरी ऊब राखतात. मात्र घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबू नयेत. त्याने रक्ताभिसरणास अडथळा होतो आणि पाय उलट गारठतात.

बूट घेण्यास सायंकाळी जावे, कारण दिवसभराच्या श्रमाने पाय किंचित सुजलेले असतात, आणि पाळीच्या अखेरीस त्यांची स्थिती तशीच असते. कामावर घालावयाचे मोजे बरोबर न्यावे. दोन्ही पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचे माप धरावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे सुमारे अर्धा इंच जागा उरावी, चवडा आवळू नये आणि चालताना टाच वर सरकू नये. “वापरून सैल होईल,” असे दुकानदार म्हणाला तर तो जोड परत ठेवावा. बूट हातात धरून वाकवून पाहावा. तो चवड्यापाशी वाकावा, मध्यभागी दुमडू नये.

मग कामाचा विचार. परिचारिकेस बंद, बुटक्या टाचेचा, न घसरणारा व सहज पुसता येणारा बूट हवा. ओतकामाच्या माणसाने आय.एस.आय. शिक्का आणि आय.एस. १५२९८ हा क्रमांक पाहून घ्यावा. या मानकाच्या दुसऱ्या भागात बसणाऱ्या बुटाची पुढची टोपी २०० जूलचा आघात सोसते. म्हणजे सुमारे २० किलो वजन एक मीटर उंचीवरून पडावे इतका. भट्टीजवळ काम करणाऱ्याचा बूट चामड्याचा व क्षणात काढता येईल असा असावा, आणि विजारीचे पाय त्यावरून बाहेर सोडावे. नाही तर वितळलेल्या लोखंडाचा थेंब आत शिरतो. आपल्या जिल्ह्यातील कोल्हापुरी वहाण, जिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कोरड्या वाटेस उत्तम आहे. पण बोटे व टाच उघडी असलेले पायताण कारखान्यात घालू नये.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अधिक जपावे. त्यांच्या तळव्यांची जाणीव मंद होऊ शकते आणि खडा टोचला तरी कळत नाही. बूट चढविण्यापूर्वी आत हात फिरवावा, आणि रात्री तळवे पाहावेत. स्वतःस दिसत नसतील तर घरच्यांनी पाहावेत.

शक्य असल्यास दोन जोड ठेवून आलटून पालटून घालावे. एका दिवसाच्या विश्रांतीने आतील घाम वाळतो आणि दोन्ही जोड अधिक दिवस पुरतात. भिजलेला बूट चुलीजवळ ठेवू नये, चामडे तडकते; आत वर्तमानपत्राचे बोळे भरून वाऱ्यावर ठेवावा. शिवलेला तळ झिजला तर चर्मकाराकडून नवा बसवून घेता येतो; म्हणून थोडा महाग जोड पुष्कळदा अखेरीस स्वस्त पडतो.

गृहिणींनो, आज पाळीवरून माणूस घरी आला की दारात काढलेले बूट उलटे करून पाहा. टाच एका बाजूस झिजली असेल, तळ गुळगुळीत झाला असेल, तर पुढच्या पगारातील पहिली खरेदी कोणती, हे ठरलेच म्हणून समजा.